रस्ता निवांत कशानं झाला?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सायकलवरून हिंडणाऱ्या माणसाला भेटल्यावर लोक पहिला प्रश्न विचारतात, "किती किलोमीटर झाले?" मला मात्र दुसरीच सवय आहे. शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवल्यामुळे असेल, पण रस्त्याला लागलो की माझ्या मनात येतं, हा रस्ता कुणी केला आणि कुणासाठी केला? आज मी ज्या रस्त्यांबद्दल बोलणार आहे, त्यांच्या बाबतीत एक तिसरा प्रश्नही पडला. हा रस्ता इतका निवांत कशानं झाला?

माझी मुलगी नोकरीनिमित्त ग्लासगोला असते. साठी उलटल्यावर एका जूनमध्ये मी तिच्याकडे गेलो आणि चार दिवस काढून स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मल नावाच्या बेटावर सायकल चालवून आलो. नाव मराठी कानाला काही बरं लागत नाही, हे मान्य. पण बेट फार देखणं आहे. ग्लासगोहून ओबान या बंदरापर्यंत रेल्वे, तिथून पाऊण-एक तासाची बोट. सायकल बोटीतच कडेला दोरीनं बांधून ठेवायची. क्रेगन्यूरच्या धक्क्यावर उतरलं की बोटीतून निघालेल्या मोटारी भराभर पुढे जातात. पाच-दहा मिनिटं त्यांना जाऊ द्यायचं. मग रस्ता आपला.

तिथले बहुतेक रस्ते एका गाडीपुरतेच रुंद. दर थोड्या अंतरावर रस्त्याला पोटासारखा फुगवटा दिलेला असतो. त्याला म्हणतात 'पासिंग प्लेस'. समोरून गाडी आली की जो जवळ असेल त्यानं तिथं थांबायचं, दुसऱ्याला जाऊ द्यायचं. जाणारा हात वर करतो, थांबलेलाही करतो. चार दिवसांत मी इतके हात वर केले, की ग्लासगोला परतल्यावरही रस्त्यात अनोळखी लोकांना हात करत होतो.

बेट डोंगराळ आहे. सर्वांत उंच शिखर बेन मोर, ९६६ मीटर. आपल्या सह्याद्रीच्या मानानं हे काही फार नाही, पण हा डोंगर समुद्राच्या काठावरूनच उठतो, त्यामुळे पुरता नजरेत भरतो. समुद्राचे लांब फाटे जमिनीत घुसलेले आहेत. आपण त्यांना खाडी म्हणू, ते 'लॉख' म्हणतात. रस्ता खाडीच्या काठाकाठानं जातो, मध्येच डोंगराच्या सोंडेवर चढतो, पुन्हा पाण्याशी उतरतो. चढावर धाप लागते आणि उतारावर वारा समोरून येतो. उतारावरही पायडल मारावं लागतं, हा अनुभव मी पहिल्यांदा तिथं घेतला. आणि तासन् तास माणूस दिसत नाही. मेंढ्या दिसतात, हरणं दिसतात, पाण्यात सील दिसतात.

पहिल्या संध्याकाळी मी एका चढावर दमून थांबलो होतो. ऊन तिरपं झालं होतं. समोरच्या हिरव्या उतारावर मला रेघा दिसू लागल्या. जवळजवळ, समांतर, डोंगराच्या अंगावर फासळ्यांसारख्या. मी शेतकऱ्याचा मुलगा. सरी-वरंबा मला ओळखू येतो. पण त्या उतारावर शेत नव्हतं, नुसतं गवत आणि मेंढ्या. थोडं खाली दगडाच्या चार भिंती उभ्या होत्या, छप्पर नसलेल्या. शेजारी आणखी चार. मग मोजू लागलो, तर वीसेक घरांचा तो एक गावच निघाला.

रात्री ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या म्हाताऱ्या बाईंना विचारलं. त्यांनी चहा ओतता ओतता सांगितलं, "ते बटाट्याचे वाफे. लावणारे गेले." कुठे गेले, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "सगळीकडे."

त्या 'सगळीकडे'चा पत्ता मी पुढचे तीन दिवस शोधत होतो. त्यातला पहिला धागा निघाला तो थेट मुंबईत.

सालेन या गावाहून पश्चिमेला वळलं की ग्रुलिन नावाची जागा लागते. रस्ता सोडून थोडं आत गेलं की झाडीत भिंतीनं वेढलेली एक समाधी आहे. ती लॅकलन मॅक्वारी याची. ऑस्ट्रेलियात हे नाव शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. १८१० ते १८२१ या काळात तो न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर होता. समाधीवर त्याला 'ऑस्ट्रेलियाचा जनक' म्हटलं आहे आणि तिची देखभालही ऑस्ट्रेलियातली नॅशनल ट्रस्ट करते. पण त्याआधीची त्याची उमेदीची वर्षं गेली ती आपल्याकडे. मलच्या कुशीत अल्वा नावाचं छोटं बेट आहे, तिथल्या मॅक्वारी कुळात १७६२ साली जन्मलेला हा गरीब घरचा मुलगा फौजेत शिरला आणि १७८८ साली मुंबईत उतरला. श्रीरंगपट्टणच्या दोन्ही वेढ्यांत, १७९२च्या आणि १७९९च्या, तो होता. १७९३ साली मुंबईतच त्यानं जेन जार्विस या मुलीशी लग्न केलं. तिच्या वडिलांचे वेस्ट इंडीजमधल्या अँटिग्वा बेटावर उसाचे मळे होते, म्हणजे गुलामांच्या घामावरची श्रीमंती. जेन क्षयानं आजारी पडली. हवापालटासाठी तिला मकावला नेलं, तिथं १७९६ साली ती गेली. मॅक्वारीनं तिचा देह मुंबईला आणला आणि १७९७च्या जानेवारीत इथं दफन केला.

पुढे त्यानं मलवर जमीन विकत घेतली. फौजेतली कमाई, श्रीरंगपट्टणच्या लुटीतला वाटा आणि जेनकडून आलेला पैसा, या सगळ्यातून त्याची ऐपत उभी राहिली होती. जहागिरीला त्यानं नाव दिलं जार्विसफील्ड. मुंबईच्या मातीत असलेल्या बायकोचं नाव स्कॉटलंडच्या एका ओल्या, वाऱ्याच्या माळाला. सायकल भिंतीला टेकवून मी तिथं बराच वेळ उभा होतो. माणूस बायकोवर जीव लावणारा होता, यात शंका नाही. आणि याच माणसानं १७९५ साली कोचीहून दोन लहान मुलं गुलाम म्हणून विकत घेतली होती, हेही तितकंच खरं. एकाचं नाव हेक्टर ठेवलं, दुसऱ्याचं जॉर्ज. मुलांची मूळ नावं पुसली गेली. जॉर्ज जार्विस जन्मभर त्याच्या सेवेत राहिला, सिडनीपर्यंत गेला, आणि १८२४ साली लंडनमध्ये मॅक्वारी वारला तेव्हाही जवळ होता. समाधीवर मोठ्या अक्षरांत धन्याचे गुण कोरलेले आहेत. मी मनातल्या मनात त्या कोचीच्या पोराचं नावही वाचलं.

ग्रुलिनहून रस्ता वायव्येकडे वळतो आणि खाडीच्या काठानं अल्वाच्या समोर येतो. मध्ये पाण्याची जेमतेम एक चिंचोळी पट्टी. या किनाऱ्यावर एक लाकडी फळी आहे, ती सरकवली की खाली लाल रंग दिसतो. पलीकडून नावाडी तो बघतो आणि होडी घेऊन येतो. आपल्याकडे तरीवर उभं राहून 'हो ऽऽ' अशी हाळी देतात, तसाच प्रकार.

१७७३ साली डॉक्टर सॅम्युअल जॉन्सन आणि त्यांचा चरित्रकार बॉस्वेल या वाटेनं आले होते. तेव्हा बेटावर म्हणावा असा रस्ताच नव्हता, तट्टांवरून प्रवास. जॉन्सनसाहेबांची जाडजूड काठी मलवर हरवली आणि ती परत मिळणार नाही अशी त्यांची खात्री झाली, कारण झाडंच नसलेल्या बेटावर एवढं लाकूड कोण परत देईल! रस्ता नव्हता, झाडं नव्हती, पण माणसं होती. १८२१च्या शिरगणतीत मलची लोकसंख्या दहा हजारांच्या वर होती. आज ती तीन हजारांच्या आसपास आहे. म्हणजे रस्ते नव्हते तेव्हा माणसं होती, आणि रस्ते उत्तम झाले तेव्हा माणसं नाहीत.

हे कसं घडलं? एका वाक्यात सांगायचं तर, आधी जमीनमालकांना माणसं हवी होती, नंतर नकोशी झाली. नेपोलियनच्या युद्धांच्या काळात या किनाऱ्यांवर 'केल्प'चा धंदा जोरात होता. समुद्रातलं शेवाळ कापायचं, वाळवायचं, भट्टीत जाळायचं. त्याची राख काच आणि साबण करणाऱ्या कारखान्यांना लागे. वीस टन ओलं शेवाळ जाळावं तेव्हा एक टन राख निघे. कंबरभर गार पाण्यात उभं राहून हे काम करायला हात हवेत. म्हणून मालकांनी कुळांना किनाऱ्यावर जमिनीचे लहान लहान तुकडे दिले. इतके लहान, की नुसत्या शेतीवर पोट भरू नये आणि केल्पच्या कामावर यावंच लागावं. एवढ्याशा तुकड्यावर घर जगवणारं पीक एकच, बटाटा. मला दिसलेले वाफे हे त्याचेच.

१८१५ साली युद्ध संपलं, परदेशी क्षार स्वस्तात येऊ लागला, केल्प कोसळला. हातांची गरज संपली. १८३५ साली अल्वा बेट फ्रान्सिस क्लार्क नावाच्या एका वकिलानं विकत घेतलं. १८४६ साली बटाट्यावर करपा आला. खंड थकले. मेंढ्यांना चांगला भाव होता आणि मेंढीला खंड माफ करावा लागत नाही. क्लार्कनं कुळं उठवायला सुरुवात केली. पाच-सहा वर्षांत अल्वाची वस्ती सुमारे पाचशेवरून दीडशेवर आली. आजही तिथं फिरताना एकामागून एक उजाड गावं लागतात. आफ्रिकेत फिरलेला डेव्हिड लिव्हिंगस्टन याचे आजोबा या अल्वाचेच. ते मात्र आधीच, १७९२ साली, कापसाच्या गिरणीत काम करायला ग्लासगोजवळ गेले होते. नातू पुढे १८६४ साली आपली छोटी आगबोट हाकत मुंबईला आला आणि शेवटच्या मोहिमेसाठी नाशिकजवळच्या शरणपूरच्या शाळेतली आफ्रिकी मुलं सोबत घेऊन गेला. बाई म्हणाल्या ते 'सगळीकडे' असं जगभर पसरलेलं आहे.

आता रस्त्याकडे येतो. बटाटा गेल्यावर स्कॉटलंडच्या या पश्चिम किनाऱ्यावर आणि बेटांवर मदतकार्य सुरू झालं. मदत फुकट द्यायची नाही, नाहीतर माणसं आळशी होतात, असा त्या वेळच्या साहेबी अर्थशास्त्राचा दंडक. १८४८च्या सुमारास नियम ठरला, पूर्ण आठ तास काम करणाऱ्याला दिवसाला एक पौंड पीठ. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोलाही कमी. या पिठावर लोकांनी रस्ते बांधले. मुख्य भूमीवरच्या एका रस्त्याचं नावच आजही 'डेस्टिट्यूशन रोड' आहे. आपण त्याला 'कंगालीचा रस्ता' म्हणू.

या धोरणामागचा मोठा अधिकारी होता लंडनच्या अर्थखात्यातला चार्ल्स ट्रेव्हेलियन. नाव ओळखीचं वाटेल. तो तरुणपणी कंपनीच्या नोकरीत दिल्ली-कलकत्त्याला होता. नंतर मद्रासचा गव्हर्नर आणि हिंदुस्थान सरकारचा अर्थमंत्री झाला. तो परत गेला, पण ती विचारसरणी इथं राहिली. १८७७च्या दुष्काळात सर रिचर्ड टेम्पल यानं मद्रास आणि मुंबई इलाख्यांतल्या मजुरांचा शिधा ठरवला. किती? दिवसाला एक पौंड धान्य, वर थोडे पैसे. तोच पौंड! पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्याविरुद्ध सरकारकडे निवेदनांवर निवेदनं पाठवली, कामावरच्या मजुरांनी दख्खनमध्ये बहिष्कारही घातला. हा इतिहास मी वर्गात दरवर्षी शिकवत असे. त्या पौंडाचं आणखी एक गाव इतक्या दूर, समुद्रातल्या एका बेटावर आहे, हे मला सायकलनं दाखवलं.

श्रोतेहो, इथं एक घरची गोष्ट सांगतो. मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातला. १९७२च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. आमच्या गावाला जोडणारा रस्ता त्या वर्षी दुष्काळी कामातून झाला. माझी आई त्या कामावर खडी फोडायला जात असे. मुकादम हजेरी घ्यायचा आणि आम्हा पोरांना सुकडी मिळायची. मला सुकडी आवडायची. आईच्या हाताला फोड आलेले असायचे, त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. पुढे त्याच रस्त्यावरून मी भाड्याच्या सायकलनं हायस्कूलला गेलो. शर्यती लावल्या. चाकाखालची खडी कुणी फोडली, हा विचार कधी शिवला नाही. तो शिवला अल्वासमोरच्या त्या किनाऱ्यावर, वयाच्या साठीनंतर. सायकल चालवताना डोळ्यांत पाणी आलं. वारा होता, म्हणून बरं.

एक फरक मात्र सांगितला पाहिजे. आमच्या गावचा रस्ता झाला आणि आम्ही गावात राहिलो. आमच्या जमिनी आमच्या नावावर होत्या. तिथं जमीन कुळाची नव्हतीच. मालकाच्या मनात आलं की घराचं छप्पर काढून टाकायचं, कधी पेटवून द्यायचं. टोबरमोरीजवळ ग्लेनगॉर्म नावाचा एक वाडा आहे, किल्ल्यासारखा, १८६० साली बांधलेला. लोक सांगतात, मालकानं गावं उठवून वाडा बांधला आणि एका म्हातारीला नाव सुचवायला सांगितलं. ती म्हणाली, 'ग्लेनगॉर्म ठेवा'. गेलिक भाषेत त्याचा अर्थ निळी दरी. मालक खूश झाला. घरं जळताना दरीत भरलेल्या निळ्या धुराची ती आठवण आहे, हे त्याला कळलं नाही. गोष्ट खरी की रचलेली, कोण जाणे. पण गरिबाच्या हाती उरलेला सूड असाच असतो, शब्दाचा.

वाटेत कॅल्गरी नावाचा पांढऱ्या वाळूचा किनारा लागतो. कॅनडातलं कॅल्गरी हे मोठं शहर याच नावावरून. ट्रेव्हेलियन पुढे एका स्थलांतर संस्थेचा अध्यक्ष झाला. त्या संस्थेनं १८५२ ते १८५७ या वर्षांत या डोंगरांतली आणि बेटांवरची सुमारे पाच हजार माणसं जहाजात भरून ऑस्ट्रेलियाला पाठवली. म्हणजे मलचा एक मुलगा ज्या देशाचा गव्हर्नर होऊन गेला, तिथंच तीस वर्षांनी त्याच्या मुलखातली माणसं पोटासाठी गेली.

पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. बेटांवरच्या कुळांनी खंड नाकारले, हुसकायला आलेल्या पोलिसांशी झुंज दिली, आणि १८८३ साली सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. अध्यक्ष लॉर्ड नेपियर. हाही आपल्याकडचाच अनुभवी, मद्रासचा गव्हर्नर आणि १८७२ साली काही महिने हंगामी व्हाइसरॉय. आयोग बेटाबेटांवर फिरला. स्काय बेटावरच्या पहिल्याच बैठकीत पहिल्या साक्षीदारानं आधी हमी मागितली, की खरं बोललो म्हणून मला घराबाहेर काढणार नाही ना? १८८६ साली कायदा झाला आणि कुळांना जमिनीवर राहण्याचा पक्का हक्क मिळाला. जे उरले होते, त्यांना.

आणि अल्वा? २०१८ साली वायव्य मलमधल्या लोकांच्या संस्थेनं सरकारी निधी आणि देणग्या यांच्या जोरावर ते बेटच विकत घेतलं. त्या वेळी तिथं जेमतेम सहा माणसं राहत होती. त्यानंतर जुनी घरं दुरुस्त झाली, नवी कुटुंबं आली. परतीच्या वाटेवर मी खाडीवर एक समुद्री गरुड पाहिला, दाराएवढे पंख. हा पक्षी ब्रिटनमधून पार मारला गेला होता. १९७५पासून नॉर्वेहून पिल्लं आणून सोडली आणि १९८५ साली मलवरच पहिलं पिल्लू घरट्यातून उडालं. गरुड परत आणता येतो, तर माणसंही परत आणता येतील. वेळ जास्त लागेल इतकंच.

तुमच्यापैकी कुणी गेलात तर मे-जूनमध्ये जा. दिवस मोठा असतो आणि चावरे चिलट अजून फार माजलेले नसतात. पावसाचा अंगरखा जवळ असू द्या. चढावर घाई करू नका. संध्याकाळचं तिरपं ऊन पडलं, की थांबून डोंगराच्या उताराकडे बघा. रेघा दिसतील.

परत आल्यावर मी गावी गेलो. आई आता नाही. रस्ता दोनदा रुंद झाला, वर डांबर आलं. एका ठिकाणी कड तुटून जुनी खडी उघडी पडली आहे. मी सायकलवरून उतरलो आणि तेवढा तुकडा चालत गेलो.